चोखणी द्यायची तर

मला दोन मुलं. मोठी मुलगी आठव्या महिन्यातच जगात आली, धाकटा पुऱ्या दिवसांचा. मुलीने चोखणीवर जीव लावला. मुलाने ती जिभेने बाहेर ढकलली ती कायमचीच. आमच्याकडे बाळंतिणीला सल्ला द्यायला माणसं उदंड असतात, पण चोखणीचा विषय निघाला की निम्मे लोक "शी, ते रबर तोंडात नको" म्हणतात आणि उरलेले बाळंतविड्यात झबल्या-टोपड्यांबरोबर एक चोखणी घालून मोकळे होतात. कधी द्यायची, कशासाठी, कुठवर, याबद्दल बसून कोणी बोलत नाही. मला हे सगळं वाटेत कळत गेलं. ज्या घरात आत्ता तान्हं बाळ आहे, तिथल्या आईसाठी लिहून ठेवते आहे.

१. बाळाला चोखायचं असतं, आणि ते दर वेळी भुकेपायी नसतं.

हे मला नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात कळलं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ लवकर जन्मलेल्या बाळाला साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला जमू लागतो. तोवर दूध नळीने पोटात जातं. पण नुसतं चोखण्याची ओढ त्याच्या कितीतरी आधीची. पोटातलं बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसतं ते त्यामुळेच. तिथल्या सिस्टर मला सांगायच्या, "ताई, आधी दूध काढून वाटीत घ्या, मग तिला छातीशी धरा." स्तन रिकामा केलेला, म्हणून ठसका लागायची भीती नाही. वरून नळीतून माझंच दूध थेंब थेंब उतरतंय आणि इकडे ती तोंड हलवतेय. तोंड हललं की पोट भरतं, एवढंच तिला उमगायला हवं होतं. अशा सरावाने बाळं नळीवरून तोंडाने पिण्यावर लवकर येतात आणि घरीही लवकर जातात, असं डॉक्टरांनी समजावलं.

टाचेतून रक्त घ्यायच्या वेळी सिस्टर एक इवलीशी चोखणी वापरायच्या. एकदा मी शेजारीच उभी होते. जिभेवर माझ्या दुधाचे दोन थेंब, मग चोखणी, मग सुई. मुलीचा चेहरा आक्रसला, पण आवाज फुटायच्या आत ओठ हलायला लागले. घट्ट आवळलेली मूठ एकेका बोटाने सुटली. मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा चढला होता, तो हळूहळू उतरू लागला. मी तिला उचलू शकत नव्हते, पाजू शकत नव्हते. त्या घडीला तिच्या कामी आलं ते तिचं स्वतःचं चोखणं. चोखणीकडे मी तोवर खेळण्याच्या दुकानातली वस्तू म्हणून पाहत होते. त्या दिवसानंतर तसं पाहता आलं नाही.

२. पाजणं नीट बसल्याशिवाय चोखणी नको.

रुग्णालयातल्या त्या गरजेची गोष्ट वेगळी, पण घरी याबाबतीत मी आजही ठाम आहे. अंगावरचं दूध मागणीवर चालतं. बाळ जितकं ओढेल तितकं शरीर बनवतं, आणि हे गणित पहिल्या काही आठवड्यांत ठरतं. त्या दिवसांत बाळाचं चोखणं रबरावर खर्च झालं, तर तेवढा निरोप आईच्या शरीराला पोचतच नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली रुग्णालयांना स्तनपानासाठी जी दहा पावलं घालून दिली, त्यांतल्या नवव्या पावलात अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नका, असं साफ म्हटलं होतं. २०१८ साली ती पावलं नव्याने लिहिली गेली आणि नवव्याची भाषा बदलली. बाटली, तिचं बोंड आणि चोखणी यांचा वापर व धोके आईला समजावून सांगा, असं आता म्हटलं आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. आईला सगळं सांगितलं तर ती विचार करून ठरवू शकते, हे त्यात कोणीतरी मान्य केलं.

दरम्यान, मनापासून पाजायचं ठरवलेल्या आया आणि त्यांची पुऱ्या दिवसांची निरोगी बाळं यांच्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासले गेले. चौथ्या महिन्यापर्यंत चोखणी घेणारी आणि न घेणारी बाळं यांच्या स्तनपानात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. पण ज्या आईचं दूध अजून पुरेसं उतरलेलं नाही, जिला पाजताना दुखतंय, जिचं बाळ पिता पिता झोपून जातंय, तिच्या घरी चोखणी आली तर अडचण लपते आणि वाढते.

पाजणं बसलं हे कसं ओळखायचं, ते धाकट्याच्या वेळी डॉक्टरांनी अगदी सोप्या खुणांनी सांगितलं. बाळ धरतं तेव्हा आईला दुखत नाही. घोट गिळल्याचा आवाज येतो. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात. जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत परत जन्माच्या वजनावर येतं आणि तिथून चढत राहतं. या चार खुणा दिसेपर्यंत, म्हणजे पहिला महिनाभर, आमच्या घरात चोखणी कपाटातच होती.

३. रडणं ऐकलं की हात आधी चोखणीकडे जाऊ नये.

हे मी सासूबाईंकडून शिकले. त्या बाळ रडलं तरी लगेच उचलत नसत, आधी क्षणभर बघत. मग मानेच्या मागे बोटांची पाठ लावत, गरम होतंय की गार पडलंय ते कळावं म्हणून. मग लंगोट. मग खांद्यावर टाकून पाठीवर हात, एखादी ढेकर अडकली असेल तर. मग माझ्याकडे बघून, "घे गं, भूक लागलीय." या क्रमात त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यांनी चोखणी आयुष्यात कधी वापरली नव्हती, पण ती वापरण्याआधी काय करायचं ते मला त्यांच्याइतकं कोणी शिकवलं नाही.

भुकेचं बाळ आधी रडत नाही. ते ओठ चाटतं, मान वळवून गालाला लागेल त्या कापडाला तोंड लावू पाहतं, मूठ तोंडात कोंबतं. रडणं ही भुकेची उशिराची खूण आहे. चोखणी लवकर दिली की या आधीच्या खुणा पुसल्या जातात, कारण तोंड तर आधीच भरलेलं. बाळ शांत आहे म्हणून आपण निवांत असतो आणि पाजायची वेळ टळून जाते. मोठं झालेलं, गुटगुटीत बाळ हे सहन करतं. चार-सहा आठवड्यांच्या, वजन जेमतेम असलेल्या बाळाला ते परवडत नाही.

पोट भरलंय, ढेकर निघाली, लंगोट कोरडा आहे, अंगाला तापही नाही, आणि तरी संध्याकाळच्या वेळी ते आपलं रडतंच आहे, अशी वेळ प्रत्येक घरात येते. बाळ दीड महिन्याचं होतं तेव्हा हे संध्याकाळचं रडणं सर्वांत जास्त असतं आणि पुढे दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. चोखणीचं खरं काम मला तिथे दिसलं. सगळं तपासून झाल्यावर, कडेवर घेऊन, अंगाई म्हणत म्हणत दिली की मुलगी डोळे मिटायची.

४. बाळ गप्प व्हावं ही गरज बऱ्याचदा मोठ्यांची असते.

मुंबईच्या गिरणगावाबद्दल वाचताना एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. १९२०च्या दशकात कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ही मुलं घरी ठेवून कामावर जायच्या, आणि मागे राहिलेलं मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफू असलेली बाळगोळी द्यायची चाल सर्रास होती. त्या काळच्या पाहण्यांत तिची नोंद आहे. त्या बायका निर्दय नव्हत्या. दिवसभर यंत्रावर उभं राहायचं, गिरणीत पाळणाघर असेलच याची खात्री नाही, खोलीत शेजारी आठ माणसं. मूल रडलं तर कोणाला उठवायचं आणि कोणाची झोप मोडायची? त्या गोळीमागे एका बाईची पूर्ण अडचण उभी होती, आणि तिला दोष देताना लोकांनी ती अडचण बघितली का, हा प्रश्न मला पडतो.

चोखणी ही अफू नव्हे. ती नीट वापरली तर निरुपद्रवी आहे. पण ती देताना माझ्या मनात काय चाललंय हे मला त्या वाचनामुळे विचारता आलं. पलंगावर लॅपटॉप उघडा आहे, मीटिंग चालू आहे, बाळ पाळण्यात कुरकुरतंय. आत्ता चोखायची गरज तिला आहे की शांततेची गरज मला आहे? दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मला दुसरीबद्दल अपराधी वाटत नाही, आणि कोणत्याही आईला वाटू नये. २०१७च्या कायद्याने नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली, पण ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि आली तरी संपते. फक्त, गरज माझी असेल तर पहिला उपाय चोखणी नसून आणखी एक माणूस असतो. बाळाचे बाबा, आजी, शेजारच्या काकू, कोणीही. माणूस नसेल तेव्हा चोखणी. हा क्रम मी पाळायचा प्रयत्न केला, आणि नवऱ्याला तो स्पष्ट बोलून दाखवला. तो मीटिंगमध्ये असला की मी, मी असले की तो. घरात हे उघडपणे ठरलं, त्याचा मला चोखणीपेक्षा जास्त उपयोग झाला.

५. घ्यायची की नाही, हे बाळ ठरवतं.

धाकट्याला मी महिन्याभरानंतर मुलीला आवडलेल्या आकाराचीच चोखणी दिली. ओठाला हलकेच टेकवली, त्याने ती आत घेतली, एकदा चघळली आणि जिभेने बाहेर काढली. चेहऱ्यावर राग नाही की रडू नाही, नुसती नापसंती. मग गोल बोंडाची आणली, मग चपट्या बोंडाची. दंतवैद्यांनी जबड्याचा विचार करून काढलेला चपटा आकार जर्मनीत १९४०च्या दशकाच्या अखेरीला आला आणि आज दुकानात बहुतेक त्याच पठडीतल्या दिसतात. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. ओठाला लावायची, घेतली तर घेतली, नाही तर सोडून द्यायची. तोंडात धरून ठेवायची नाही, त्याचे हात दाबायचे नाहीत, झोपेत गुपचूप सरकवायची नाही. माझ्या मुलीला जे आवडलं ते तिच्या भावाला आवडलं पाहिजे, असं काही नसतं. तिसऱ्या महिन्यात त्याला स्वतःचा अंगठा सापडला आणि तो प्रश्न त्याने आपल्यापुरता सोडवला.

६. चोखणी गोड करायची नाही. मधाने तर नाहीच.

धाकटा चोखणी घेईना तेव्हा मालिश करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, मधाचं बोट लाव, लगेच घेईल." घेतली असती, यात शंका नाही. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवायची पद्धत आहे, गुटी सहाणेवर उगाळून मधात देतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. पण मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळाला आधी बद्धकोष्ठ होतो, मग चोखण्याची ताकद जाते, ते मान टाकतं, अंग ढिलं पडतं, श्वासाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. मध शुद्ध असला, घरचा असला, उकळलेला असला, तरी भरवसा नाही. म्हणून वर्षभर मध नको, चोखणीवर नको आणि गुटीतही नको. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कोणी सांगितलं नाही गं." त्यानंतर त्या जातात त्या इतर घरांतही हे सांगतात.

साखर, गूळ, सरबत यांचा त्रास इतका गंभीर नाही, पण येणारा पहिला दात त्यात किडतो.

७. दुकानात चोखणी बघताना रंगाकडे शेवटी बघायचं.

आधी तिची चकती बघायची, म्हणजे ओठांबाहेर राहणारा भाग. ती बाळाच्या तोंडापेक्षा रुंद हवी, पूर्ण तोंडात जाता कामा नये, आणि तिला हवेसाठी भोकं हवीत. चुकून आत गेलीच तर श्वास चालू राहावा म्हणून ती असतात. सगळी एकाच तुकड्याची असेल तर उत्तम, जोड असेल तर दोन्ही हातांनी ओढून बघायची. लुकलुकणारे दिवे, मणी, चिकटवलेली फुलं यांतलं काहीही नको. बाळाच्या महिन्यांप्रमाणे आकार येतात, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

सिलिकॉनची पारदर्शक असते आणि वास धरत नाही, पण दात आल्यावर चावून फाटू शकते. रबराची मऊ आणि चिवट, पण ती काही आठवड्यांत चिकट आणि फुगीर व्हायला लागते. नवी आणली की पाच मिनिटं उकळायची. उकळल्यावर बोंडात पाणी शिरलेलं असतं, ते गार झाल्यावर दाबून काढायचं, नाही तर गरम थेंब बाळाच्या जिभेवर पडतो. नंतर रोज बोंड ओढून, ताणून, उजेडात धरून बघायचं. चीर दिसली, चिकट लागली की सरळ कचऱ्यात. चांगली असली तरी महिना-दीड महिन्याने बदललेली बरी.

आणि दोरा. चोखणी सारखी पडते म्हणून ती काळ्या दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात घालतात. मी हे लग्नात, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर पाहिलंय, आणि दर वेळी जवळ जाऊन सांगितलंय. गळ्यातला दोरा पाळण्याच्या खुंटीत, कडीत, बाळाच्या स्वतःच्या मुठीत अडकतो आणि फास बसतो. कपड्याला अडकवायची आखूड पट्टी मिळते, तीही जागेपणीच वापरायची आणि झोपताना काढून ठेवायची.

८. झोपेत चोखणीचा एक फायदा आहे, तो ऐकून मी चकित झाले.

निरोगी दिसणारं बाळ झोपेत अचानक दगावतं, अशा मृत्यूंचा अभ्यास करताना दिसून आलं की झोपी जाताना चोखणी घेणाऱ्या बाळांमध्ये ते प्रमाण कमी आहे. म्हणून अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २००५ पासून सांगते की पाजणं नीट सुरू झाल्यावर झोपवताना चोखणी द्यायला हरकत नाही. अर्थात याच्या आधीचे नियम जास्त महत्त्वाचे: बाळाला पाठीवर झोपवायचं, अंथरूण घट्ट हवं, आजूबाजूला उशी, गोधडी, लोड नको, घरात विडी-सिगारेटचा धूर नको. झोपल्यावर चोखणी तोंडातून पडली तर परत घालायची गरज नाही, आणि ज्याला नको त्याच्यावर ती लादायची नाही.

मात्र रात्रीच्या उठाठेवीबद्दल कोणी सांगत नाही. चोखणी पडली की मुलगी जागी व्हायची. मग अंधारात चादरीवर हात फिरवत ती शोधायची, पुसायची, द्यायची, आणि पुन्हा तेच. हा त्रास आठव्या-नवव्या महिन्यात आपोआप संपला, कारण तिची ती हात लांबवून घ्यायला शिकली. त्या मधल्या महिन्यांत मला पडलेली काळी वर्तुळं फोटोत आहेत.

९. खाली पडलेली चोखणी आपल्या तोंडात घालून साफ करावी का?

आमच्या घरात यावरून दोन तट. स्वीडनमध्ये २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ज्यांचे आईवडील चोखणी स्वतः चोखून देत त्या मुलांमध्ये इसब आणि ॲलर्जीचं प्रमाण कमी आढळलं. नवऱ्याला हे फार पटलं. दाताच्या डॉक्टरांनी मात्र हात जोडले: मोठ्यांच्या तोंडातले दात किडवणारे जंतू याच वाटेने बाळाकडे जातात. आम्ही शेवटी धुण्यावर ठरवलं आणि बाहेर पडताना झाकणाच्या डबीत दोन जादा चोखण्या ठेवू लागलो. लोकलमध्ये पडलेल्या चोखणीला दुसरा उपायही नाही.

१०. काढून घ्यायची वेळ आपण ठरवावी, नाही तर ती पुढे पुढे जाते.

सहा महिन्यांनंतर चोखणीचा दिवसभरचा वापर आणि कानाचा संसर्ग यांचा संबंध दिसतो. फिनलंडमध्ये आईवडिलांना नुसतं समजावलं, की चोखणी फक्त झोपी जातानाच द्या, तेव्हा त्या मुलांमध्ये कानाचे संसर्ग २९ टक्क्यांनी कमी झाले. औषध नाही, खर्च नाही. हे कळल्यावर मुलीची दिवसाची चोखणी आम्ही बंद केली. दुसरं कारण बोलण्याचं: जागेपणी तोंडात बोंड असेल तर बडबड कशी करणार? तिसरं दातांचं. दोन-तीन वर्षांच्या पुढे सवय राहिली तर वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट राहते. त्याआधी सुटली तर ती फट बऱ्याचदा आपली आपण भरून येते.

रात्रीची सोडवणं अवघड गेलं, ते मुलीपेक्षा मलाच. झोपवायचं सर्वांत सोपं साधन हातचं जाणार होतं. माझी मावसबहीण डेन्मार्कमध्ये राहते. तिने कोपनहेगनमधल्या फ्रेडरिक्सबर्गच्या बागेतल्या एका झाडाचा फोटो पाठवला. त्याच्या फांद्यांना शेकडो चोखण्या रंगीत फितींनी टांगलेल्या होत्या. मुलं तिथे स्वतःच्या हाताने चोखणी बांधतात, काही जण सोबत चिठ्ठीही लिहितात. मला ते मनापासून आवडलं, कारण त्यात मुलाचा निरोप घ्यायचा हक्क मानलेला आहे. आमच्याकडे झाड नव्हतं. मुलीला आम्ही आधी आठवडाभर रोज सांगत राहिलो. मग शेवटच्या चोखणीला तिनेच चावून भोक पाडलं, ती आम्ही तिला दाखवली, आणि तिच्याच हातून डब्यात टाकली. नवी आणली नाही. पुढच्या काही रात्री ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, नवरा अंगाई म्हणायचा, सूर लागो न लागो. मग ती दुपट्याचा कोपरा मुठीत धरून झोपू लागली.

धाकट्याचा अंगठा मात्र अजून चालू आहे. तो उकळता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही आणि त्याच्या संमतीवाचून डब्यात टाकता येत नाही. दाताच्या डॉक्टरांनी तीन वर्षांचा होईपर्यंत थांबायला सांगितलंय, ओरडायचं नाही, तिखट लावायचं नाही, फक्त हाताला दुसरं काम द्यायचं. तुमच्या घरी कोणी हे पार पाडलं असेल, तर मला जरूर सांगा.

तिसरं मूल असतं तर मी पहिला महिनाभर थांबले असते, पाजणं बसल्यावर चोखणी देऊन पाहिली असती, त्याने घेतली तर सहा महिन्यांनंतर फक्त झोपण्यापुरती ठेवली असती आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपास काढून घेतली असती. आणि वजन वाढत नाहीये असं दिसलं असतं, तर त्याच दिवशी ती बाजूला ठेवून बाळाला डॉक्टरांकडे नेलं असतं.